संग्रहालयातील चिठ्ठी



आपल्या शाळेच्या विज्ञानवर्गात, खिडकीच्या बाजूस, काचेच्या दारांचे एक जुने कपाट आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिले असेल. पण त्यात काय आहे हे विचारले तर चटकन सांगता येईल असे थोडेच निघतील. बरणीत ठेवलेला एक साप, प्रवाळाचा एक तुकडा, लोहखनिजाचे चार दगड, दोन-तीन शंख, आणि तळहाताएवढ्या, चपट्या, अभ्रकासारख्या पातळ अशा काही शिंपल्या. आपल्या गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या शिंपल्या बसवीत, त्याच या शिंपल्या.

दीड-दोन वर्षांपूर्वी आठवीतील एका विद्यार्थिनीने त्यांतील एक शिंपली हाती घेऊन मला विचारले, "सर, ही कुठे सापडली? आणि अशा शिंपल्या तिथे अजून मिळतात का?" मी कपाट धुंडाळले. शिंपलीवर काही लिहिलेले नव्हते, तिच्याजवळ चिठ्ठी नव्हती. कपाटाची जुनी नोंदवही काढली. तीत 'शिंपल्या, नग ७' एवढेच होते. मी कलाशाखेचा पदवीधर, मराठी आणि इतिहास शिकविणारा. "विज्ञानाच्या सरांना विचार," असे सांगून मी स्वतःची सुटका करून घेतली. पण विज्ञानाच्या सरांनाही ते सांगता येईना. आणि कसे सांगता यावे? शिंपलीची जात कोणती हा प्रश्न विज्ञानाचा खरा. पण ती कुठे सापडली, केव्हा सापडली, कोणी आणली, हा प्रश्न इतिहासाचा होता. म्हणजे उत्तर देण्याची जबाबदारी माझीच होती, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतरच्या मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या भावाच्या आग्रहावरून इंग्लंडला जाण्याचा योग आला. तेथे लंडन शहरातील निसर्गेतिहासाचे सुप्रसिद्ध संग्रहालय, नॅचरल हिस्टरी म्युझियम, मी दोन दिवस पाहिले. तेथे मी गेलो तो अवाढव्य प्राण्यांचे सांगाडे पाहण्याच्या उत्सुकतेने. परतलो तो एका लहानशा कागदी चिठ्ठीचे मोल समजून घेऊन. त्या चिठ्ठीविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

संग्रहालयाची वास्तू

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात ही इमारत उभी आहे. दुरून पाहणाऱ्यास ती एखादे भव्य प्रार्थनामंदिर वाटावी. उंच मनोरे, कमानदार महाद्वार, आणि फिकट पिवळ्या व निळसर करड्या रंगांच्या भाजलेल्या मातीच्या फरशांनी मढविलेल्या भिंती. आल्फ्रेड वॉटरहाउस हे तिचे स्थपती. त्या काळी लंडनच्या हवेत कोळशाच्या धुराची काजळी दाट असे. साधा दगड काही वर्षांत काळवंडून जाई. भाजलेली माती धुऊन स्वच्छ करता येते, म्हणून तिची योजना झाली. १८ एप्रिल १८८१ रोजी या वास्तूची दारे लोकांसाठी उघडली.

भिंतींवर सर्वत्र प्राण्यांच्या आकृती आहेत. खांबांवर मासे, कमानींवर चढणारी माकडे, कोपऱ्याकोपऱ्यांत पक्षी. त्यांतही एक योजना आहे. पूर्वेकडील भागावर पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या प्राण्यांच्या आकृती, तर पश्चिमेकडील भागावर आज विद्यमान असलेल्या प्राण्यांच्या. ही कल्पना संग्रहालयाचे पहिले प्रमुख रिचर्ड ओवेन यांची. 'डायनोसॉर' हा शब्द १८४२ साली प्रथम योजला तो याच विद्वानाने. मुख्य दालनाचे छत १६२ चौकटींचे असून त्यांवर निरनिराळ्या वनस्पती रंगविल्या आहेत. मान दुखेपर्यंत वर पाहत राहिलो, तरी सगळ्या पाहून झाल्या नाहीत.

या संग्रहाचा उगम मात्र इमारतीहून पुष्कळ जुना आहे. सर हॅन्स स्लोन नावाचे एक वैद्य १७५३ साली वारले. आयुष्यभर त्यांनी वनस्पती, प्राणी, खनिजे, नाणी, ग्रंथ अशा सुमारे ७१,००० वस्तू जमविल्या होत्या. त्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि त्यांतून ब्रिटिश म्युझियम जन्मास आले. पुढे संग्रह इतका वाढला की निसर्गविषयक वस्तूंसाठी हे वेगळे घर बांधावे लागले. येथे एक गोष्ट लपवून ठेवणे उचित नव्हे. स्लोन यांच्या संपत्तीचा काही भाग जमेका बेटावरील, गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांतून आलेला होता. मोठ्या संग्रहामागे मोठी ज्ञानतृष्णा असते, तशी कधी कधी मोठी अन्यायाची कहाणीही असते. पाहणाऱ्याने दोन्ही लक्षात ठेवाव्यात.

आज या संस्थेच्या संग्रहात सुमारे आठ कोटी नमुने आहेत. त्यांचा अगदी अल्पसा अंशच दालनांत मांडलेला असतो. उरलेले सारे कपाटांत, खणांत आणि बरण्यांत अभ्यासकांसाठी जपून ठेवलेले आहे. हे वाक्य ध्यानात ठेवा. त्याचे महत्त्व पुढे कळेल.

दालनात टांगलेली 'आशा'

महाद्वारातून आत पाऊल टाकताच डोक्यावर एक प्रचंड सांगाडा झेपावताना दिसतो. तो निळ्या देवमाशाचा. पृथ्वीवर आजवर झालेल्या प्राण्यांत निळा देवमासा हा सर्वांत वजनदार मानला जातो. हा सांगाडा २५.२ मीटर लांब आहे. आपल्या शाळेच्या एका टोकाच्या वर्गापासून मोजू लागलो तर तीन वर्ग सहज व्यापील. तो छतापासून असा टांगला आहे की, देवमासा सूर मारून तोंड उघडून भक्ष्यावर झडप घालीत आहे असा भास व्हावा.

सांगाडा पाहून झाल्यावर मी त्याची माहितीपट्टी वाचली. १८९१ सालच्या मार्च महिन्यात आयर्लंडमधील वेक्सफर्ड बंदराच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर ही मादी अडकली. संग्रहालयाने तिचा सांगाडा विकत घेतला. पुढे अनेक वर्षे तो सस्तन प्राण्यांच्या दालनात टांगलेला होता, आणि २०१७ सालच्या जुलैत मुख्य दालनात आला. त्या वेळी तिला 'होप' म्हणजे 'आशा' असे नाव देण्यात आले. विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धातील समुद्रांत तीन लाखांहून अधिक निळ्या देवमाशांची शिकार झाली. १९६६ साली त्यांच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली, आणि तेव्हापासून त्यांची संख्या हळूहळू सावरू लागली. मनुष्याने ठरविले तर तो थांबू शकतो, याची ती खूण म्हणून हे नाव.

पण मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. या देवमाशाच्या तोंडात दातांऐवजी झालरीसारख्या पट्ट्या असतात. आपल्या नखांप्रमाणे त्या सतत वाढत असतात, आणि त्या त्या काळी प्राण्याने कोणत्या समुद्रात काय खाल्ले याची रासायनिक खूण त्यांत उमटत जाते. 'आशे'च्या अशा पट्ट्या संग्रहालयाने जपून ठेवल्या होत्या. तिच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी प्रसिद्ध केली आणि तिच्या आयुष्यातील अखेरच्या काही वर्षांचा प्रवास उलगडला. ती ऋतुमानाप्रमाणे उत्तर अटलांटिक महासागरात उष्ण पाण्याकडून थंड पाण्याकडे ये-जा करीत होती. १८९१ साली ज्यांनी त्या पट्ट्या ठेवून दिल्या, त्यांना या तपासणीची रीत स्वप्नातही ठाऊक नव्हती. त्यांनी एवढेच केले की, वस्तू जपली, आणि ती कोणाची, कुठली, केव्हाची हे तिच्यासोबत लिहून ठेवले. एवढे नसते तर त्या पट्ट्यांतून मिळालेले ज्ञान कोणत्या समुद्राचे आणि कोणत्या काळाचे, हे कोणी सांगितले असते?

खरे काय, प्रतिकृती काय

पूर्वी या मुख्य दालनात डिप्लोडोकस नामक डायनोसॉरचा सांगाडा उभा असे. तेथील मुले त्याला लाडाने 'डिप्पी' म्हणतात. १९०५ साली तो अमेरिकेतील धनिक अँड्र्यू कार्नेगी यांच्याकडून भेट म्हणून आला. १९७९ ते २०१७ या काळात असंख्य मुलांनी त्याच्यापुढे उभे राहून डोळे विस्फारले. पण तो खऱ्या हाडांचा नव्हे. तो प्लॅस्टरची प्रतिकृती आहे. यात फसवणूक मुळीच नाही, कारण प्रतिकृतीला प्रतिकृती म्हटलेले आहे. प्रामाणिक प्रतिकृती ही उत्तम शिक्षिका असते. घात होतो तो खोट्याला खरे म्हटल्याने.

तसाही प्रकार याच संस्थेच्या इतिहासात घडला आहे. १९१२ साली इंग्लंडमधील पिल्टडाउन येथे सापडलेली म्हणून एक कवटी व जबडा जगापुढे मांडण्यात आला. माणसाचा आदिम पूर्वज गवसला असे मोठमोठ्या विद्वानांनी मानले. १९५३ साली कसून तपासणी झाली, तेव्हा कळले की, कवटी माणसाची, जबडा ओरांगउटान वानराचा, दात कानशीने घासलेले आणि सारे जुने भासावे म्हणून रंगविलेले! एका असत्याने ४१ वर्षे शास्त्राला आडवाटेस नेले. ते असत्य उघडकीस आणणाऱ्यांत याच संग्रहालयातील केनेथ ओकली हे शास्त्रज्ञ होते, हे संस्थेला भूषणावह आहे.

मुख्य दालनातील जिन्यावर चार्ल्स डार्विन यांचा संगमरवरी पुतळा आसनस्थ आहे. ओवेन यांना डार्विन यांचे मत पटले नव्हते. १८८५ साली हा पुतळा बसविला गेला. १९२७ साली तो हलवून तेथे ओवेन यांचा ठेवला गेला. आणि २००८ साली डार्विन पुन्हा आपल्या जागी आले. पुतळ्यांच्या जागा बदलतात, मतेही बदलतात. पण दोघांच्याही मतांची पारख ज्या नमुन्यांवरून करावयाची, ते मात्र आपापल्या चिठ्ठ्यांसह शांतपणे खणांत पडून असतात.

सर्वांत वरच्या मजल्यावर एका महाकाय सिकोया वृक्षाच्या बुंध्याचा आडवा छेद भिंतीशी उभा केला आहे. कॅलिफोर्नियातील तो वृक्ष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोडला गेला तेव्हा सुमारे १३०० वर्षांचा होता. वर्षाला एक याप्रमाणे त्याच्या खोडात वर्तुळे आहेत. इतिहासाचा शिक्षक असल्याने मला तेथून हलवेना. अगदी मध्यावर बोट नेले की, आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचा उदय झाला तो काळ. बाहेर सरकत जावे तसा यादवांचा काळ येतो, ज्ञानेश्वरी लिहिली गेली ते १२९० साल येते, आणि शिवरायांचा १६७४ चा राज्याभिषेक तर सालीच्या बराच जवळ येतो. या वृक्षाने आपली चिठ्ठी स्वतःच्या अंगावरच लिहून ठेवली होती, असे म्हणावयास हरकत नाही. शिंपलीला किंवा पाखराला ते जमत नाही. त्यांच्यासाठी ती माणसानेच लिहावी लागते.

अंड्यांनी दिलेली साक्ष

चिठ्ठीवर तारीख लिहिण्याने काय साधते, याचे एक उदाहरण सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात बहिरी ससाण्यांची संख्या झपाट्याने घटू लागली. त्यांची अंडी घरट्यातच फुटत. कारण कळेना. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने संग्रहालयांतील आणि हौशी संग्राहकांजवळील जुनी अंडी मिळविली, त्यांची कवचे मोजली व तोलली, आणि प्रत्येक अंड्याच्या चिठ्ठीवरील साल पाहून ती ओळीने मांडली. १९६७ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९४७ च्या सुमारास कवचे एकाएकी पातळ झाली होती, सुमारे पाचव्या हिश्श्याने! डीडीटीसारखी कीटकनाशके शेतात सर्रास वापरली जाऊ लागली ती याच सुमारास. पुढे अनेक देशांनी डीडीटीच्या वापरावर निर्बंध घातले. अमेरिकेने १९७२ साली. ससाणे पुन्हा वाढू लागले. ती अंडी गोळा करणाऱ्यांना विषारी औषधांची कल्पनाही नव्हती. पण त्यांनी साल लिहिले होते. साल लिहिलेले नसते तर ती नुसती टरफलेच राहिली असती.

खानदेशातील रानपिंगळा

आता जी हकिकत सांगणार आहे तिचा एक धागा लंडनच्या या संस्थेत आहे आणि दुसरा महाराष्ट्राच्या सातपुड्यात. पिंगळा हे लहानखुरे घुबड तुम्ही पाहिले असेल. त्याचाच एक भाऊबंद रानपिंगळा. तो रानातच राहतो आणि पुष्कळदा दिवसाउजेडीही वावरतो. १८७३ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. होय, इतिहासाच्या पुस्तकात १८८५ च्या राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांत ज्यांचे नाव तुम्ही वाचता, तेच हे ह्यूम! ते मोठे पक्षितज्ज्ञ होते. भारतीय पक्ष्यांवरील त्यांची अनेक वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते सिमल्यात रद्दीच्या भावाने विकली गेली. उद्विग्न होऊन त्यांनी आपला प्रचंड पक्षिसंग्रह या संग्रहालयास देऊन टाकला. हस्तलिखिते गेली, पण पक्ष्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या राहिल्या.

रानपिंगळ्याचे जेमतेम सात नमुने जगाला ठाऊक होते. काही आजच्या छत्तीसगड-ओडिशाच्या बाजूचे, तर काही खानदेशातील. खानदेशचे नमुने तेथे सरकारी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी मिळविले होते. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाच्या हाती लागला नाही. अपवाद एकच. रिचर्ड माइनर्टझहागेन नावाचे एक ब्रिटिश लष्करी अधिकारी होते. त्यांनी आपला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह १९५४ साली संग्रहालयास दिला. त्यातील एका रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल होते, आणि स्थळ गुजरातेतील तापीकाठचे मांडवी. साहजिकच पुढील काळात शोध घेणाऱ्यांचे लक्ष त्या चिठ्ठीने वेधले. शोध झाले, हाती काही लागले नाही. पक्षी नष्ट झाला असावा असे पुष्कळांना वाटू लागले.

माइनर्टझहागेन यांच्या संग्रहाविषयी संशय येऊ लागला तेव्हा पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ महिलेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो बारकाईने तपासण्यास घेतला. हे पक्षी लंडनच्या दालनांत नसतात. ते याच संस्थेच्या ट्रिंग या गावच्या शाखेत खणांमध्ये ठेवलेले आहेत. प्रत्येक संग्राहकाची पक्ष्याचे कातडे सोलण्याची, कापूस भरण्याची, शिवण्याची एक खास लकब असते; जसे प्रत्येकाचे हस्ताक्षर वेगळे, तसे. मांडवीचा म्हणविणारा तो रानपिंगळा उसवून पुन्हा भरलेला होता. पण मूळची लकब पुरती पुसली गेली नव्हती. ती होती डेव्हिडसन यांची! म्हणजे डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेला पक्षी माइनर्टझहागेन यांनी संग्रहालयातूनच चोरला, त्याची खरी चिठ्ठी काढून टाकली, आणि खोटे स्थळ व खोटे साल घालून आपल्या नावावर तो त्याच संग्रहालयास परत दिला.

असत्य बाजूस काढल्यावर सत्य दिसू लागले. मांडवीचा नाद सोडून रासमुसेन आणि तिचे सहकारी ज्या गावांची नावे खऱ्या चिठ्ठ्यांवर होती तेथेच गेले. प्रथम पूर्वेकडे, तेथे यश आले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळच्या रानात, एका झाडावर उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटात आणि मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलातही तो आढळला.

विचार करा. एका खोट्या चिठ्ठीने पक्ष्याची वाट झाकून टाकली, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या खऱ्या चिठ्ठ्यांनी ती पुन्हा दाखविली. पक्षी अखेरपर्यंत आपल्या रानातच होता. हरवले होते ते माणसाचे सत्य.

आणखी एक गोष्ट. त्या काळच्या चिठ्ठ्यांवर नावे साहेबांची. पण साहेबाला रानवाटा दाखविणारे, पाखराचा आवाज ओळखणारे, पुष्कळदा ते हेरून आणून देणारेही येथलेच शिकारी आणि वनवासी असत. त्यांची नावे बहुधा चिठ्ठीवर नाहीत. खोटे लिहिणे हा अपराध आहेच. पण खऱ्यातील अर्धे गाळणे हीही चिठ्ठीची उणीवच होय.

आपले कपाट

सुट्टी संपवून परत आलो आणि प्रथम ते कपाट उघडले. त्या विद्यार्थिनीला व तिच्या चार मैत्रिणींना बोलावले आणि सांगितले की, आता आपण यातील प्रत्येक वस्तूस चिठ्ठी लिहावयाची. चिठ्ठीत पाच गोष्टी: काय, कुठे, केव्हा, कोणी आणली, आणि कोणाच्या मदतीने. शाई न पुसणारी असावी, अक्षर सुवाच्य असावे, आणि चिठ्ठी वस्तूपासून कधीही अलग होऊ नये. नव्या वस्तू आणावयाच्या तर जिवंत प्राण्याला धक्का लावू नये. किनाऱ्यावर पडलेली रिकामी खुब्या-तिसऱ्यांची कवचे, गळून पडलेली पाने, बिया, दगड आपणांस पुरेत. वन्य पक्ष्यांची घरटी किंवा अंडी यांना तर हातही लावू नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना अभय दिले आहे.

दुसऱ्या दिवशी ती विद्यार्थिनी मोठ्या आनंदाने आली. "सर, आजीला विचारलं. ती लहानपणी जुवारीच्या काठी चिखलीला अशाच शिंपल्या वेचायची. तर मी 'स्थळ: चिखली' असं लिहू?"

क्षणभर मलाही मोह झाला. कपाटातील सात शिंपल्यांना अखेर एक गाव मिळत होते, आणि ते बहुधा खरेही असेल. पण मला ती मांडवीची चिठ्ठी आठवली. मी म्हटले, "आजी खोटं सांगत नाहीत, बाळ. पण त्यांनी वेचलेल्या शिंपल्या या नव्हेत. या कुठल्या ते आपणांस ठाऊक नाही. मग तसंच लिहू या." ती थोडी हिरमुसली. मग आम्ही दोघांनी बसून मजकूर ठरविला:

'खिडकीची शिंपली. नग ७. स्थळ: अज्ञात. साल: अज्ञात. आणणारा: अज्ञात. अशा शिंपल्या पूर्वी चिखली येथे जुवारीच्या काठी मिळत, असे आठवीतील एका विद्यार्थिनीच्या आजी सांगतात.' आणि त्याखाली चिठ्ठी लिहिल्याचा दिनांक.

तीन वेळा 'अज्ञात' लिहिलेली ही चिठ्ठी कोणास दरिद्री वाटेल. मला ती या शाळेतील माझ्या नोकरीच्या काळात कपाटात पडलेली सर्वांत मोलाची भर वाटते. तिच्यात जेवढे आहे तेवढे खरे आहे. आणि पुढे कोणास शोध घ्यावयाचा झाला तर प्रारंभ कोठून करावा, हेही तिच्यात आहे.

विद्यार्थ्यांनो, लंडनचे ते संग्रहालय पाहण्याचा योग तुमच्यापैकी काहींना येईल. तेथे प्रवेशाला मूल्य नाही. गेलात तर सारे एका दिवसात पाहण्याचा हव्यास धरू नका. एखादेच दालन निवडा, वस्तू पाहा, मग तिची माहितीपट्टी वाचा, आणि पुन्हा वस्तू पाहा. दुसऱ्यांदा पाहताना ती निराळी दिसते. पण तो योग येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. खिडकीजवळचे कपाट रोज उघडे आहे. त्यातील बरणीतल्या सापाला अद्याप चिठ्ठी नाही. तो शाळेत कोणी आणला, हे गावातील एखाद्या माजी विद्यार्थ्यास आठवत असेल. विचारून पाहा, आणि उत्तर मिळाले तर ते कोणी सांगितले, हेही लिहून आणा.